न बोलावलेले पाहुणे

मॅक सुरू करताच चार-पाच प्रोग्रॅम आपणहून उघडतात आणि नेमका मुलांचा ऑनलाइन तास खोळंबतो ना? मैत्रिणींनो, लगेच दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. २०२२ च्या व्हेंच्युरापासून पुढच्या मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', मग 'जनरल', मग 'लॉगिन आयटम्स' उघडा. वरच्या यादीतलं नको ते निवडून वजाचं चिन्ह दाबा. प्रोग्रॅम पुसला जात नाही हं, आपोआप उघडायचा तेवढा थांबतो.

खरे चिवट असतात ते पडद्याआड चालणारे! त्यांची यादी त्याच पानावर खाली असते. एकेक बंद करून दोन दिवस बघावं. फोटो-कागदपत्रांची नक्कल ठेवणाऱ्याला मात्र हात लावू नका, बाई.

आज घाईच असेल, तर पासवर्ड टाकून शिफ्ट दाबून धरा नि लॉगिन करा. डॉक दिसला की सोडा. वरच्या यादीतले तेवढ्यापुरते उघडणार नाहीत.