या वेळी मला समोर बघायचंय

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सूर्यास्त उभा राहतो. दादरची चौपाटी असो की गणपतीपुळे, सूर्य पाण्यात बुडताना बघतच आपण मोठे झालो. चेन्नईत सगळं उलटं. इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी आपल्या पाठीमागे, इमारतींच्या आड गुपचूप निघून जातो. नवा कॅमेरा गळ्यात घालून मी पहिल्यांदा मरीनावर गेले ती संध्याकाळी साडेपाचला. सूर्य कधी बुडतो याची वाट बघत तासभर पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. सूर्य कधीच मागच्या मागे पसार झाला होता!

तुमच्यापैकी ज्यांना फोटोंचा नाद आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. नाद लागला की माणूस उजेडाच्या मागे धावू लागतो. मग गजर पहाटे साडेचारचा लागतो. घरातले म्हणतात, "आज पुन्हा?" आपण कॅमेऱ्याची पिशवी उचलतो आणि निघतो. मीही धावले. बेसंट नगरचा किनारा, कासिमेडूचं मासेमारी बंदर, एकदा तर थेट महाबलीपुरम.

या धावपळीत काही गोष्टी शिकले, त्या आधी सांगते. तुमच्या कामाला येतील.

पहिली गोष्ट घड्याळाची. आपलं घड्याळ देशभर एकच, पण चेन्नई मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. त्यामुळे इथला सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास पुढे चालतो. मुंबईच्या सवयीने सहाचा गजर लावलात, तर जूनमध्ये इथे सूर्य तुमच्याआधी उठलेला असतो.

दुसरी गोष्ट त्या प्रसिद्ध सोनेरी वेळेची. परदेशी छायाचित्रकारांचे धडे वाचून मी 'गोल्डन अवर' म्हणजे निवांत तासभर मिळेल असं धरून चालले होते. पण विषुववृत्ताच्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. लंडनसारख्या ठिकाणी तो तिरका, रमतगमत चढतो. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला लंडनमध्ये चाळीसेक मिनिटं लागतात, चेन्नईत जेमतेम पंचवीस. म्हणजे स्कूटर लावून, चपला हातात घेऊन, वाळू तुडवत पाण्यापर्यंत पोचेतो अर्धा खेळ संपलेला असतो.

तिसरी गोष्ट एसीची. रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलेला कॅमेरा चेन्नईच्या दमट पहाटेत बाहेर काढला की गार काचेवर लगेच वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. माझे कितीतरी सूर्योदय असे धुक्यात गेले. उपाय सोपा आहे: निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कॅमेरा पिशवीत बंद करून एसी नसलेल्या खोलीत ठेवायचा. तो हळूहळू बाहेरच्या हवेइतका कोमट होतो आणि वाफ धरत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मांबलम स्टेशनच्या एका अंगाला टी. नगरची रंगनाथन स्ट्रीट, दुसऱ्या अंगाला आमचं वेस्ट मांबलम. अयोध्या मंडपम, कोदंडरामाचं देऊळ, भाजीच्या गाड्या, फुलांचे गजरे, फिल्टर कॉफीचा वास. इथे लेक व्ह्यू रोड आहे, पण लेक नाही. या भागातलं मोठं तळं बुजवून १९२० च्या दशकात टी. नगर वसवलं गेलं. म्हणजे पाणी नाही, मोकळं आभाळ नाही. अरुंद गल्ल्या, डोक्यावर तारा आणि जुनी बैठी घरं पाडून उभे राहिलेले फ्लॅट. इथे फोटो काढण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. कॅमेरा घेऊन मी नेहमी गल्लीतून बाहेर पडायची. गल्लीत थांबले कधीच नाही.

आमच्या गल्लीत एक बैठं घर अजून उरलं आहे. दाराशी तिण्णै आहे, म्हणजे आपल्याकडच्या ओट्यासारखा बांधलेला कट्टा. तिथे एक मामा-मामी राहतात. दोन वर्षांपूर्वी मार्गळीच्या सुरुवातीला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यात, मी पहाटे कॅमेरा घेऊन निघाले होते. मामी दारात कोलम घालत होत्या. त्यांनी पिठाचा हात झटकला आणि मला थांबवलं.

"इतके फोटो काढतेस, आमचा एक काढशील का? तै महिन्यात मामांचं सदाभिषेकम आहे. पत्रिकेवर छापायचाय, शिवाय मोठा करून भिंतीवर लावायचाय."

सदाभिषेकम म्हणजे आपलं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी वर्षं, हजार पौर्णिमा. मी हरखलेच. डोक्यात लगेच चित्र तयार झालं: मागे उगवता सूर्य, सोनेरी पाणी, आणि त्यापुढे शेजारी शेजारी उभं ते म्हातारं जोडपं.

त्या रविवारी पहाटे दोघांना रिक्षात घालून बेसंट नगरला नेलं. मामी नऊवारी मडिसार नेसल्या होत्या, गर्द मरून रंगाची, जरीच्या काठाची. नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. मामांनी पांढरी शुभ्र वेष्टी आणि अंगवस्त्र घेतलं होतं. वाळूत चालताना मामांचा पाय रुतत होता आणि मामी त्यांचा हात धरून चालत होत्या. साडेसहाच्या सुमाराला सूर्य आला. मी शंभरावर फोटो काढले. त्यातले तीन असे होते की मी स्वतःवरच खूश झाले. नारिंगी आभाळ, पाण्यावर उजेडाची पट्टी आणि दोन काळ्या आकृत्या. एखाद्या कॅलेंडरवर शोभावेत असे!

दुसऱ्या दिवशी मोठे प्रिंट घेऊन गेले. मामींनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. मग विचारलं,

"एन मूंजी एंगे?"

माझा चेहरा कुठे आहे?

मी समजावू लागले. हा असाच काढतात, यात भाव असतो, आकृती महत्त्वाची असते. मामी शांतपणे म्हणाल्या, "हे आम्हीच कशावरून? कुणीही असू शकतं." मग त्या आत गेल्या आणि एक जुनी फ्रेम घेऊन आल्या. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला काळा-पांढरा फोटो. मामा खुर्चीत ताठ बसलेले, नजर थेट कॅमेऱ्यात. शेजारी उभी कोवळी मुलगी, मान खाली.

"फोटोग्राफरने सांगितलं होतं, मुली, खाली बघ. आमच्या दोघांचा नीट काढलेला हा एवढाच फोटो. बाकी सगळे लग्नकार्यांतल्या गर्दीतले." मामींनी पदराने काच पुसली. "या वेळी मला समोर बघायचंय."

वाचकहो, मला काय वाटलं ते लिहीत नाही. तुम्हीही घरातल्या कुणाचे तरी फोटो काढत असाल, तुम्हाला कळेल.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. सूर्य पाठीमागे असला की आभाळ आणि चेहरा यांच्या उजेडात इतकं अंतर पडतं की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम नीट दाखवता येत नाही. चेहरा उजळला तर आभाळ पांढरंफटक पडतं. आभाळाचे रंग राखले तर चेहरा काळा होतो. दोन्हींतलं एक निवडावं लागतं. मी आभाळ निवडलं होतं. त्या दोघांकडे तोवर मी नीट बघितलंच नव्हतं.

पुन्हा किनाऱ्यावर जायचं आणि त्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करायचं, तर तेही जमणार नव्हतं. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. समोरून ऊन आलं की ते डोळे किलकिले करायचे.

त्या रात्री मला लिनिअस ट्राइप आठवला. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८५६ मध्ये मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. १८५८ मध्ये तो तंजावरला गेला. तेच तंजावर, जिथे आपल्या भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षांच्या आसपास राज्य केलं आणि जिथल्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्याच देवळाच्या पायथ्याला त्याहून कितीतरी जुने शिलालेख आहेत. ट्राइपने त्या शिलालेखांचे एकापुढे एक फोटो घेतले आणि २१ छापे जोडून जवळजवळ १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. देवळाचं भव्य शिखर समोर असताना हा माणूस पायथ्याची अक्षरं टिपत पुढे सरकत राहिला. कोरलेलं अक्षर फोटोत वाचता यायला हवं, तर उजेड कुठून येतो ते बघावं लागतं. अगदी समोरून आला तर दगड सपाट दिसतो. बाजूने तिरका आला तर खाचेत सावली पडते आणि अक्षर उमटतं.

म्हणजे आधी काय वाचायचं ते ठरवायचं, मग उजेड शोधायचा. मी नेमकं उलटं केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीतच थांबले. कॅमेरा न घेता. सात वाजता, नऊ वाजता, बारा वाजता, चार वाजता मामींच्या तिण्णैसमोर जाऊन नुसती बघत होते. इतकी वर्षं त्या घरावरून गेले होते, पण त्याचं दार उत्तरेला आहे हे मला माहीत नव्हतं.

इथे थोडं भूगोलाचं सांगते. चेन्नई तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण २४ एप्रिल ते १८ ऑगस्ट या काळात भरदुपारचा सूर्य इथे डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्या दोन तारखांच्या आसपास तर बाराच्या थोडं पुढे तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मुंबईत ही वेळ मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येते. तर, उन्हाळ्यात मामींच्या उत्तरेकडच्या दारात थेट ऊन येतं. पण डिसेंबरात सूर्य पार दक्षिणेला सरकलेला असतो. तेव्हा त्यांच्या तिण्णैवर दिवसभर सावली असते.

सावली म्हणजे अंधार, असं मी आजवर समजत होते. पण नऊच्या सुमाराला पाहिलं तर तिण्णैवर सुरेख उजेड पडला होता. मऊ, समोरून येणारा, डोळ्यांना न टोचणारा. कुठून येतोय म्हणून वळून पाहिलं. गल्लीच्या पलीकडे एक जुनं घर पाडून चार मजली फ्लॅट झाले आहेत. त्याची भली मोठी पांढरी भिंत दक्षिणेकडे तोंड करून उभी. तिच्यावर सकाळचं सगळं ऊन पडत होतं आणि तिथून उलटून मामींच्या दारात येत होतं. ज्या भिंतीने आमच्या गल्लीचं रूप घालवलं म्हणून मी चरफडायची, तीच भिंत मला हवा होता तो रिफ्लेक्टर होती. बाजारात विकत घेता येणार नाही एवढा मोठा.

मार्गळी संपायच्या आत एका सकाळी सव्वानऊला दोघांना तिण्णैवर बसवलं. कुठे जायचं नव्हतं, वाळू नव्हती, घाई नव्हती. हा उजेड पंचवीस मिनिटांत संपणारही नव्हता. मामींनी मडिसार नेसली होती. मरून रंग मरून दिसत होता, नाकातल्या चमक्या दिसत होत्या. मामांचे डोळे पूर्ण उघडे होते आणि दोघांच्याही डोळ्यांत त्या भिंतीचा छोटासा पांढरा ठिपका चमकत होता. पोर्ट्रेट जिवंत दिसतं ते याच ठिपक्याने.

आता तुमच्यासाठी एक काम. कॅमेरा नसला तरी चालेल, फोन पुरे. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या कुणालातरी दारात किंवा खिडकीशी बसवा, थेट ऊन अंगावर येणार नाही अशा बेताने. तोंड उजेडाकडे, पाठ घराच्या आतल्या बाजूला. फोनच्या पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे फोन चेहऱ्याच्या हिशेबाने उजेड मोजेल. सकाळी एक फोटो काढा, दुपारी एक, चार वाजता एक. समोर पांढरी भिंत आहे का, फिकट पडदा आहे का ते बघा. उजेड उलटवायला वाळत घातलेली पांढरी चादरही चालते. आणि फोटो काढण्याआधी त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: तुम्हाला स्वतःला कसं बघायला आवडेल? मी तो शंभर फोटो काढून झाल्यावर ऐकला. तुम्ही आधी विचारा.

राहता राहिली मामींची निवड. त्या सकाळचे सतरा फोटो मी त्यांना दाखवले. एकात दोघंही छान समोर बघत होते. मला वाटलं, तोच घेतील. मामींनी तो पत्रिकेला दिला. पण भिंतीवर लावायला दुसराच निवडला. त्यात मामी थेट माझ्याकडे बघत आहेत, किंचित हसत. आणि मामा नेमके त्याच क्षणी मान खाली घालून वेष्टीचा काठ सारखा करत आहेत.

मी म्हटलं, "मामी, यात मामा खाली बघतायत."

"बघू देत की," मामी म्हणाल्या. "या वेळी त्यांची पाळी."

त्या घरात आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले आहेत.