विश्लेषण : प्रयोगशाळांची परीक्षा घेणाऱ्या ‘एनएबीएल’वर देखरेख कोणाची?

वाळूजच्या कारखान्यातले मायक्रोमीटर, घाटी परिसरातल्या पॅथॉलॉजी लॅबचा रक्ततपासणी अहवाल आणि एखाद्या गावच्या विहिरीच्या पाण्याचा दाखला. या तिन्हींवर विश्वास ठेवायचा की नाही, हे बऱ्याचदा एकाच चिन्हावरून ठरते. ते म्हणजे ‘एनएबीएल’चे चिन्ह. प्रयोगशाळा तपासणारी ही राष्ट्रीय संस्था स्वतः कोणाला उत्तरदायी आहे, ही चर्चा मात्र फारशी होत नाही. छत्रपती संभाजीनगरात विद्युत वाहने आणि औषधनिर्मितीची नवी गुंतवणूक येऊ घातली असताना तो प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

एनएबीएल नेमके काय करते?

राष्ट्रीय चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळा मान्यता मंडळ, म्हणजे एनएबीएल, स्वतः कोणतीही चाचणी करत नाही. एखादी प्रयोगशाळा चाचणी करण्यास सक्षम आहे का, एवढेच ती तपासते. चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठी ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ आणि वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी ‘आयएसओ १५१८९’ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठी वापरले जाते. प्रयोगशाळेने अर्ज करायचा, शुल्क भरायचे, कागदपत्रे द्यायची. मग तज्ज्ञ मूल्यांकनकर्ते प्रत्यक्ष भेट देतात. उपकरणे, नोंदी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नमुने हाताळण्याची पद्धत पाहतात आणि त्रुटी नोंदवतात. त्रुटी दूर झाल्यावर समिती शिफारस करते आणि प्रमाणपत्र मिळते. ही मान्यता कायमची नसते. तिचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते.

ही मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. प्रमाणपत्रासोबतच्या यादीत ज्या चाचण्या नोंदवलेल्या असतात, तेवढ्यांपुरतीच ती असते. पाण्यातील क्लोराइडच्या चाचणीची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आर्सेनिकच्या चाचणीची मान्यता असेलच असे नाही.

छत्रपती संभाजीनगरला याचे महत्त्व काय?

बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे उभे राहिले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील शेकडो कारखाने असे भाग बनवतात, ज्यांच्या मापात काही मायक्रॉनचा फरकही चालत नाही. कारखान्यातले गेज बरोबर आहे, हे कॅलिब्रेशन प्रयोगशाळा सांगते. त्या प्रयोगशाळेचे मास्टर उपकरण बरोबर आहे, हे टप्प्याटप्प्याने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकाशी जोडून सिद्ध होते. या साखळीतला एक दुवा खोटा निघाला तर मालाची अख्खी खेप परत येते आणि तो तोटा मोठी कंपनी सोसत नाही, तर लघुउद्योजक सोसतो.

२०२४ मध्ये एथर एनर्जीने ऑरिकमध्ये प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. बॅटरी, मोटर, इलेक्ट्रॉनिक भाग यांच्या चाचण्यांची मागणी त्यामुळे वाढणार हे उघड आहे. शिवाय जलजीवन मिशनच्या सूचनांमध्ये पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी एनएबीएल मान्यता मिळवण्यावर भर आहे. मराठवाड्यातील भूजलात नायट्रेट आणि फ्लोराइडची तक्रार जुनी आहे. तेथे तपासणीचा अहवाल चुकला तर तो थेट गावकऱ्यांच्या प्रकृतीवर बेततो.

शहराने याआधी काही अनुभवले आहे का?

एनएबीएलशी थेट संबंध नसलेले, पण प्रयोगशाळेच्या नोंदींची किंमत दाखवणारे एक प्रकरण शहराला माहीत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये वोक्हार्टच्या वाळूज आणि नंतर चिकलठाणा प्रकल्पातील औषधांवर आयातबंदी घातली. नोंदींची विश्वासार्हता हा वाळूजवरील कारवाईतील प्रमुख मुद्दा होता. अमेरिकी यंत्रणेने तपासणीत काय आढळले, हे इशारापत्रात लिहून जाहीर केले. ते पत्र कोणालाही वाचता येते. कंपनीला ते अडचणीचे ठरले, पण ग्राहक, कामगार, गुंतवणूकदार आणि इतर कारखाने या सर्वांना नेमके काय चुकले ते कळले. भारतातील प्रयोगशाळांच्या बाबतीत असे कळण्याची सोय किती आहे, हाच या विषयाचा गाभा आहे.

संस्थेची रचना कशी आहे?

एनएबीएलचे काम १९८८ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या छत्राखाली सुरू झाले. २०१६-१७ च्या सुमारास ती भारतीय गुणवत्ता परिषदेत, म्हणजे ‘क्यूसीआय’मध्ये विलीन झाली. ही परिषद १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि असोचॅम, सीआयआय, फिक्की या उद्योगसंघटना यांनी मिळून नोंदणीकृत सोसायटी म्हणून स्थापन केली. वाणिज्य व उद्योग मंत्रालयाचा विभाग तिचा समन्वय पाहतो. नियामक मंडळात सरकार, उद्योग आणि ग्राहकांसह इतर घटकांना समान प्रतिनिधित्व असते. अध्यक्षांची नेमणूक उद्योगजगताच्या शिफारशीवरून पंतप्रधान करतात. रतन टाटा हे पहिले अध्यक्ष होते. रुग्णालयांना मान्यता देणारे ‘एनएबीएच’ही याच परिषदेचे मंडळ आहे.

या रचनेचे फायदे आहेत. संस्था सरकारी लालफितीतून बरीचशी मोकळी राहिली. २००० पासून एनएबीएल आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात सहभागी आहे. त्यामुळे वाळूजमधील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जर्मनीत किंवा जपानमध्ये पुन्हा तपासून घ्यावा लागू नये, अशी सोय झाली. या करारात टिकण्यासाठी एनएबीएलचीही इतर देशांच्या मान्यता संस्थांकडून नियमित तपासणी होते. म्हणजे तिच्यावर कोणाचेच लक्ष नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र परदेशी समव्यावसायिक प्रामुख्याने कार्यपद्धती तपासतात. इथल्या रुग्णाला किंवा उद्योजकाला ते जाब देत नाहीत.

कायद्याचे पाठबळ किती?

भारतीय मानक ब्युरो संसदेच्या कायद्याने चालते. एनएबीएलला स्वतःचा कायदा नाही. तरीही तिच्या चिन्हाला कायद्यासारखेच वजन आले आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४३ मध्ये अन्न प्रयोगशाळांच्या संदर्भात एनएबीएल मान्यतेचा उल्लेख आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविड चाचण्यांबाबतच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे नाव घेतले. जून २०२३ पासून खोकल्याच्या औषधाच्या निर्यातीआधी केंद्रीय प्रयोगशाळांत किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त राज्य औषध प्रयोगशाळांत तपासणी सक्तीची झाली. गाम्बियातील बालमृत्यूंनंतर भारतीय औषधांवर आलेल्या संशयाची ही पार्श्वभूमी होती.

मूळ विसंगती इथेच आहे. मान्यता घेणे कागदोपत्री ऐच्छिक, पण अनेक क्षेत्रांत ती नसेल तर काम मिळत नाही. अधिकार सार्वजनिक स्वरूपाचे आणि संस्था सोसायटीच्या स्वरूपाची. दुसऱ्या टोकाला, महाराष्ट्राने २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. त्यामुळे बहुतांश पॅथॉलॉजी लॅबसाठी एनएबीएल मान्यता बंधनकारक नाही. जिथे कायदा दुबळा आहे तिथे रुग्णाला त्या चिन्हाचाच काय तो आधार उरतो.

हितसंबंधांचा प्रश्न कुठे येतो?

पहिला प्रश्न शुल्काचा. ज्या प्रयोगशाळांची परीक्षा घ्यायची, त्यांच्याच शुल्कावर परीक्षकाचा कारभार चालतो. जगभर हीच पद्धत आहे आणि ती आपोआप गैर ठरत नाही. पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची वाढती संख्या हेच यशाचे मोजमाप झाले, तर नकार देण्याची इच्छा कमी होते.

दुसरा प्रश्न मूल्यांकनकर्त्यांचा. भेटी देणारे बहुतेक तज्ज्ञ पूर्णवेळ कर्मचारी नसतात. ते पॅनेलवरचे असतात आणि त्याच क्षेत्रात काम करतात. आज एकाची प्रयोगशाळा तपासणारा तज्ज्ञ उद्या त्याच व्यवसायवर्तुळात त्याला भेटतो. विषय गुंतागुंतीचे असल्याने तज्ज्ञ त्याच क्षेत्रातून घ्यावे लागतात, हे खरे. म्हणूनच हितसंबंध जाहीर करण्याचे नियम कडक हवेत.

तिसरा प्रश्न छत्राचा. एकाच परिषदेखाली वेगवेगळी मान्यता मंडळे आहेत आणि ती परिषद मंत्रालयांसाठी सर्वेक्षणाची कामेही करते. २०१६ चे स्वच्छ सर्वेक्षण तिनेच केले होते. शासकीय प्रयोगशाळाही एनएबीएलकडे मान्यतेसाठी येतात. ज्यांची कामे घ्यायची त्यांच्याच प्रयोगशाळांवर निकाल द्यायचा, अशी वेळ येऊ शकते. मान्यता संस्थांसाठीच्या ‘आयएसओ/आयईसी १७०११’ या मानकात निःपक्षपातीपणाला बाधा आणणारे धोके ओळखून दूर करावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ते धोके कोणते आणि त्यावर काय केले, हे सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने जाहीर व्हायला हवे.

‘नॅक’च्या अनुभवातून काय शिकावे?

महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’चे उदाहरण ताजे आहे. तिच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी श्रेणी देण्याच्या प्रक्रियेतील गैरप्रकारांच्या शंकेकडे लक्ष वेधत २०२३ मध्ये पद सोडले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी पथकातील सदस्यांना सीबीआयने अटक केली. एनएबीएलवर असा आरोप करण्याचे कारण नाही. मात्र बाहेरचे तज्ज्ञ, आधी ठरलेली भेट, गोपनीय अहवाल आणि निकालावर अवलंबून असलेला मोठा आर्थिक लाभ ही रचना दोन्हीकडे मिळतीजुळती आहे. एका संस्थेत जे घडल्याचा आरोप झाला, ते दुसरीत घडू नये याची तजवीज आधीच करणे शहाणपणाचे.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार प्रत्येक देशात एकच राष्ट्रीय मान्यता संस्था असते. तिने नफ्यासाठी काम करायचे नाही आणि इतर देशांच्या संस्थांशी स्पर्धा करायची नाही. जर्मनीत ही संस्था कंपनीच्या स्वरूपात असली, तरी तिच्यामागे २००९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि संघराज्य सरकार, राज्ये व उद्योग असे तिचे तीन भागीदार आहेत. ब्रिटनमध्येही बिगरसरकारी कंपनीलाच २००९ च्या नियमांद्वारे राष्ट्रीय संस्था म्हणून नेमले आहे. अमेरिकेत मात्र अनेक खासगी मान्यता संस्था आहेत. म्हणजे संस्था सरकारीच असावी असा काही जागतिक नियम नाही. युरोपात तिचे अधिकार कशातून येतात आणि तिच्या मर्यादा काय, हे कायद्यात लिहिलेले आहे एवढेच.

मग बदल कोणते हवेत?

एनएबीएलला सरकारी खाते करून टाकणे हा उपाय नव्हे. त्यातून स्वायत्तता जाईल आणि शासकीय प्रयोगशाळांना झुकते माप मिळण्याचा धोका वाढेल. त्याऐवजी छोटा, नेमका कायदा हवा. संस्थेचे अधिकार, नेमणुकांची पद्धत, ग्राहक व रुग्णांच्या प्रतिनिधींचे स्थान आणि संसदेपुढे वार्षिक अहवाल एवढे त्यात असले तरी पुरे. तक्रार आणि अपिलाची व्यवस्था आज संस्थेच्या आतच आहे. अपिलाचा अखेरचा टप्पा तरी बाहेरच्या, स्वतंत्र व्यक्तींकडे असावा.

सर्वांत तातडीची गोष्ट मात्र कायद्याची वाट न पाहता करता येईल. एखाद्या प्रयोगशाळेची मान्यता निलंबित किंवा रद्द झाली, तर तिचे कारण दोन-चार वाक्यांत जाहीर करावे. सध्या मूल्यांकनाचे अहवाल गोपनीय मानले जातात. व्यावसायिक गुपिते झाकून ठेवणे योग्यच आहे. पण उपकरणाचे कॅलिब्रेशन झालेच नव्हते की चाचणी न करताच अहवाल दिला गेला, हे कोणत्याही प्रयोगशाळेचे गुपित असू शकत नाही. त्या अहवालावर उपचार घेतलेल्या रुग्णाला आणि माल पाठवलेल्या उद्योजकाला ते कळायलाच हवे. पूर्वसूचना न देता होणाऱ्या भेटींचे प्रमाणही वाढवायला हवे.

तोपर्यंत ग्राहकाने काय पाहावे?

अहवालावर केवळ चिन्ह आहे म्हणून थांबू नये. प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा. चाचणी प्रयोगशाळेसाठी तो ‘टीसी’ने, कॅलिब्रेशनसाठी ‘सीसी’ने आणि वैद्यकीय प्रयोगशाळेसाठी ‘एमसी’ने सुरू होतो. तो क्रमांक एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधून मुदत तपासावी आणि आपल्याला हवी असलेली चाचणी यादीत आहे का, हे पाहावे. लघुउद्योजकांनी कॅलिब्रेशनची निविदा सर्वांत कमी दराला देण्याआधी एवढे तरी करावे. औद्योगिक संघटनांनी आपल्या सदस्यांसाठी ही पडताळणी नियमित केली, तर एकेकट्या कारखानदाराचा वेळ वाचेल. मात्र ग्राहकाच्या सावधगिरीने संस्थेची जबाबदारी कमी होत नाही. प्रत्येक अहवाल पुन्हा तपासून पाहण्याची वेळ लोकांवर येऊ नये, यासाठीच तर मान्यता देणारी संस्था असते.