सुनेला दोष देण्याआधी दोघांचे रक्त तपासा

"सिस्टर, याच्या अंगात काहीतरी हाय, पन कोनालेच दिसून नाही राह्यलं."

अकोला जिल्ह्यातल्या एका वस्तीतून आलेली माय मला हे म्हणाली, तेव्हा मी वॉर्डात नोकरीला होते. तिचे सात वर्षांचे पोर हाडांच्या दुखण्याने किंचाळत होते. तोवर वाताची औषधे झाली होती, लोहाच्या बाटल्या झाल्या होत्या, अंगारेधुपारेही झाले होते. शेवटी लॅबमधल्या भाऊंनी त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बोलावले. गोल तांबड्या पेशींमध्ये काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. मायचे म्हणणे खरे होते. आत काहीतरी होते, फक्त कोणी पाहिले नव्हते.

हाच सिकलसेल. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूर भागातली नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये केली. पुढच्या पाहण्यांत हा आजार विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये जास्त दिसला. कुणबी, तेली समाजांतही तो आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून हाडे दुखतात.

आज पेशी पाहण्यासाठी कन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे. त्यात लेझरचा बारीक बिंदू पेशीवर फिरतो, एक छोटे छिद्र आजूबाजूचा धूसर उजेड अडवते आणि पेशीचे एकेक थर संगणकावर स्पष्ट दिसतात. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्येच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. संशोधनासाठी ते यंत्र मोलाचे आहे. पण सिकलसेल ओळखायला त्याची गरज नाही. थोडेसे रक्त पुरते. विज्ञान पेशीच्या आतल्या थरांपर्यंत पोहोचले आणि आमच्या वस्तीतली साधी तपासणी अजून अर्धवटच राहते, हे माझे दुःख आहे.

अर्धवट कशी? शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी चाचणी होते. नळीतले मिश्रण गढूळ झाले, तर सिकल आहे एवढेच कळते. माणूस रुग्ण आहे की फक्त वाहक, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. तो अहवाल हातात आल्याशिवाय तपासणी झाली असे मानू नका.

त्या पोराचा अहवाल आला तेव्हा आजी म्हणाली, "आमच्या घरान्यात असं नव्हतं. हे सूनच घेऊन आली." बायांनो, हे साफ चूक आहे. सिकलसेल अॅनिमियाचा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढचे सुटले, असा हिशेब नाही.

वाहक हा रुग्ण नसतो. वाहक मुलगी म्हणून सोयरीक मोडणे हा अन्याय आहे. दोघे वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, गरोदरपणात लवकर तपासणी करा. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ सांगितले. तीच चाल असे दोष एकाच समाजात फिरते ठेवते, हेही ध्यानात घ्या.

१ जुलै २०२३ ला शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे. मेळघाटाला ती मिळालीच पाहिजे. पण अमरावती-अकोल्याच्या शहरी वस्त्यांनाही तीच तपासणी हवी. विहार समित्यांनी आरोग्य विभागाला लेखी मागणी करावी, आणि शिबिर ठरवताना "पुढची तपासणी कुठे, अहवाल कधी?" हे आधी विचारावे.

घरात रुग्ण असेल तर पाणी भरपूर द्या. ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नका. हायड्रॉक्सीयुरियाबद्दल डॉक्टरांना विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

लग्नाआधी पत्रिका नको, दोघांचे रक्ताचे अहवाल जुळवा. त्यात लाज कसली? लाज वाटायची तर पोराच्या दुखण्याचे खापर सुनेवर फोडण्याची वाटू द्या.

जय भीम.