दार लावा, पण घरच्यांना बाहेर ठेवू नका

मागच्या सत्रात शनिवारच्या वर्गात आम्ही ‘विलगीकरण’ हा शब्द शिकलो. ‘क्वारंटाइन’ मात्र आम्हाला कोणी शिकवावा लागला नाही. २०२० साली तो घरोघरी पाठ झाला होता. त्याबद्दल आम्हाला काय वाटते ते या अंकात लिहीत आहोत.

रोगाला सीमेवर अडवणे मेलबर्नला नवे नाही. आपले पॉइंट कुक ज्या पोर्ट फिलिप उपसागरावर आहे, त्याच्याच मुखाशी पॉइंट नेपियन आहे. नोव्हेंबर १८५२ मध्ये ‘टिकॉन्डेरोगा’ जहाज इंग्लंडहून तिथे आले. टायफसच्या साथीत सुमारे १०० प्रवासी वाटेतच दगावले होते. उरलेल्यांना किनाऱ्यावर उतरवले, शिडांचे तंबू करून वेगळे ठेवले, औषधपाणी केले. तेथील विलगीकरण केंद्र पुढे १९८० पर्यंत चालले. जहाज भयंकर होते, तरी त्याला परत पाठवले नाही.

आता २०२१ पाहा. भारतात कोरोनाची दुसरी लाट आली आणि ऑस्ट्रेलियाने तिथून येणारी विमाने थांबवली. ३ ते १५ मे या काळात, आधीच्या १४ दिवसांत भारतात असलेला ऑस्ट्रेलियन नागरिकही देशात आला, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड होऊ शकत होता. सुमारे ९,००० जण परत येण्यासाठी थांबले होते. आमच्यातल्या एकीची आई आजारी आजोबांना भेटायला नाशिकला गेली होती, तीही त्यांत होती.

विलगीकरणाच्या जागा अपुऱ्या आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण ब्रिटन-अमेरिकेत साथ भरात असताना तिथून येणाऱ्या नागरिकांना कैदेची भीती घातली नव्हती. मेलबर्नजवळ मिकलहॅमला खास केंद्र सुरू झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात सीमा पर्यटकांनाही खुल्या झाल्या. तहान लागल्यावर विहीर खोदली, ती अशी.

तपासणी हवीच. चौदा दिवस खोलीत बसायलाही आमची ना नाही. पण नियम रोग पाहून करावा, देश पाहून नव्हे. खोल्या आधीच बांधून ठेवाव्यात. आपल्या नागरिकाला ‘थांब’ म्हणावे, ‘येऊ नकोस’ म्हणू नये.

तुम्हाला काय वाटते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. आजी-आजोबांनीही लिहावे!