घरकुल बांधले, पुढे काय?

मृग तोंडावर आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत कवेलू फेरण्याची लगबग सुरू होते. फुटके कवेलू, वाळवीने पोखरलेले बांबू बदलायचे. खर्च थोडा, पण दरसालचा. अर्थशास्त्र ज्याला घसारा म्हणते, त्याची तरतूद या रिवाजातच होती. प्रधानमंत्री आवास योजनेचे अनुदान मात्र बांधकामापुरतेच आहे. सिमेंटचा स्लॅब वर्षानुवर्षे काही मागत नाही. सळई गंजली की एकदम मागतो, आणि तोही रोखीने. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाने तो पैसा आणावा कोठून? मेंढा-लेखाने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या विक्रीचा हक्क मिळविला. अशा ग्रामसभांनी त्या उत्पन्नातून घरदुरुस्तीचा निधी राखावा व शासनाने त्यात तेवढीच भर घालावी. दुरुस्तीचे उद्घाटन करता येत नाही, ही अडचण आहे खरी!