हात लावू नये

जगात मला तीन पाट्यांची धास्ती वाटते. ‘कुत्र्यापासून सावध राहा’, ‘आज रोख, उद्या उधार’ आणि ‘हात लावू नये’. पहिलीमागे निदान एखादा कुत्रा असतो. दुसरीमागे उद्याची आशा असते. तिसरीमागे मात्र फक्त एक पहारेकरी असतो आणि त्याचा तुमच्या हातांवर काडीचा विश्वास नसतो.

आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला एक मोठं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. कुठलं ते सांगत नाही; तिथल्या वहीत माझं नाव अजून असायचं! एका पितळी तोफेच्या तोंडात हात घालून आत गोळा आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. कोपरापर्यंत हात गेला आणि मागून कान धरला गेला. त्या दिवशी मी काय पाहिलं असं आज कुणी विचारलं, तर तलवारी आठवत नाहीत, मूर्ती आठवत नाहीत. पहारेकऱ्याच्या मिशा तेवढ्या आठवतात. तेव्हापासून कुठल्याही संग्रहालयात मी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतो. लोकांना वाटतं, गृहस्थ विचारवंत आहेत.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन मुंबईला गेलो. वसईहून लोकल पकडून चर्चगेट आणि तिथून पायी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली लोकांसाठी उघडलेल्या या वास्तूच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. मोठ्यांना ९७ वर्षं बघू दिल्यावर पोरांची पाळी आली म्हणायची! वस्तू निवडण्यातही मुलांचा हात असतो, असं कळलं. नात आत शिरली ती सुटलेल्या वासरासारखी. मी आपला सवयीने हात बांधून मागे. शेवटी तिने माझी बाही ओढली. “आजोबा, इथे हात लावायचा असतो.” एवढं म्हणून तिने माझा हात सोडवला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी धरलेला कान तेव्हा कुठे सुटला.

ही कल्पना काही आजची नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला १८९९ साली मुलांसाठी म्हणून पहिलं संग्रहालय निघालं. पुढे बालसंगोपनावर पुस्तक लिहिणाऱ्या डॉ. स्पॉक यांच्या मुलाने, मायकेल स्पॉकने, बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात काचेची कपाटं बाजूला सारली. १९६४ साली त्याने ‘आत काय असतं?’ याच विषयावर प्रदर्शन मांडलं. रोजच्या वापरातल्या वस्तू कापून, उघडून पोरांपुढे ठेवल्या. आमच्याकडे हा प्रयोग त्याही आधीपासून घरोघर चालू होता. फरक एवढाच, की तिकडे वस्तू उघडल्यावर प्रदर्शन भरलं आणि इकडे रेडिओ उघडल्यावर आमचा गाल रंगला.

परतीच्या गाडीत नातीने विचारलं, “आजोबा, आपल्या वसईत का नाही असं म्युझियम?”

“आहे की,” मी म्हणालो. म्हणालो खरा, पण मग रात्रभर विचार करत बसलो, की कुठे आहे?

पुढच्या रविवारी तिला पाचूबंदरला नेलं. आमच्या घरापासून रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. पण निघताना घरात जो गहजब झाला, तो मुंबईला जाताना झाला नव्हता. “बाबा, तिथे वास येतो हो,” सूनबाई म्हणाल्या. चिरंजीवांनी जंतुनाशकाची बाटली दिली. सौ.ने जुना फ्रॉक घालायला लावला. ज्या घरात रव्यात तळलेल्या बोंबलावरून भावाभावांत अबोला होतो, त्या घरात हा वासाचा विटाळ! मध्यमवर्गीयाचं नाक फार हुशार असतं बघा. ताटातल्या बोंबलाचा त्याला सुगंध येतो आणि दोरीवरच्या बोंबलाचा वास मारतो.

रस्ता किल्ल्यातून जातो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला आणि इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, हे तिला सांगितलं. नाशिकच्या नारोशंकराला त्यातली एक आजही आहे.

“त्यांना कुणी ‘हात लावू नका’ म्हटलं नाही?”

“म्हटलं असेल. पण पोर्तुगीज भाषेत.”

बंदरावर बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. खाली जवळा पसरलेला. नात थबकली आणि तिने काय केलं असेल? दोन्ही हात पाठीमागे बांधले! मुंबईत माझा हात सोडवणारी पोर, घरापासून पंधरा मिनिटांवर येऊन माझ्यासारखी विचारवंत झाली. तिकीट फाडलं नव्हतं ना. मग हात लावायचा कसा?

“हात लावू?” तिने हळूच विचारलं.

“लाव की गो बाय,” बोंबील टांगणारी मावशी हसली. “बोंबील काय काचेचा हाय?”

मग मावशीने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत कसे अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर कशी टाकायची, ते दाखवलं. गाठ नाही, आकडा नाही. माशाचाच माशाला आधार. नातीच्या दोन जोड्या पडल्या, तिसरी टिकली. तिच्या तोंडावरचा तो आनंद मी शाळेच्या बक्षीस समारंभात पाहिलेला नाही.

पलीकडे एक म्हातारबाबा डोल विणत बसले होते. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्रात ते पक्कं बांधून ठेवतात. त्याला कुणी ओढत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच त्याच्या तोंडात मासळी आणून घालतं. “तोंडाकडून शेपटीकडं हात फिरव,” ते नातीला म्हणाले. ती फिरवत गेली आणि थांबली. “आजोबा, भोकं बारीक बारीक होतात!” मासा का अडकतो, हे तिला बोटांनी सांगितलं. मी सांगितलं असतं, तर तिने जांभई दिली असती.

“तुमची नातवंडं शिकली का हो हे?” मी विचारलं.

“नातू कालेजात जातो. जाऊ दे. पण जाल्याला हात नाय लावत,” असं म्हणून त्यांनी पुढची गाठ मारली.

आता माझं भांडण ऐका. मुलांच्या संग्रहालयांशी माझं वैर नाही; गावोगाव व्हावीत. भांडण आहे ते आपल्याशी. तिकीट काढून मुलांना ‘हात लावा’ म्हणायचं आणि दाराबाहेर आल्यावर जगालाच ‘हात लावू नये’ची पाटी ठोकायची, हा कुठला न्याय? वस्तू जुनी झाली म्हणून काचेत जात नाही. तिच्यावरचे हात उठले, की ती काचेत जाते. पुण्याला दिनकर केळकरांनी जमवून १९७५ साली सरकारला दिलेलं संग्रहालय पाहा. दिवे, अडकित्ते, भांडी. एके काळी कुठल्याही आजीच्या हाताखालच्या वस्तू. केळकरांचे उपकार, म्हणून निदान बघायला तरी मिळतात. पण अडकित्ता बघून सुपारी कातरता येत नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यात वाढवणच्या महाबंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. मासळीचं काय होणार म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी मोर्चे काढले. त्यांचा प्रश्न माझ्या नातीच्या सहलीपेक्षा फार मोठा आहे. तो पोटाचा आहे. पण एवढं कळतं, की जिच्या बोटांनी डोल ओळखली, ती मोठेपणी मोर्चाची बातमी वाचताना पान उलटणार नाही. नाहीतर एक दिवस डोलही काचेत जाईल. छान दिवा लावतील, खाली माहिती लिहितील, वास मुळीच येणार नाही. आणि आपण नातवंडांना घेऊन, तिकीट काढून, हात पाठीमागे बांधून बघायला जाऊ.

घरी आल्यावर नातीचे हात तीनदा साबणाने धुतले गेले. वास गेला नाही. मग ती माझ्या कपाटापाशी आली. तिथे वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. कित्येक वर्षं बंद, पण रोज पुसलेला.

“आजोबा, आत काय असतं?”

“हात ला—” इथवर आलेले शब्द मी गिळले. कपाट उघडलं, रेडिओ जमिनीवर ठेवला आणि तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, आणि स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला :

“अहो, तिच्या हातांना अजून बोंबलाचा वास येतोय. रेडिओला हात लावू देऊ नका!”