रांगेतली पहिली मुलगी

आमच्या शाळेत प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात. पाचवीत ती सगळ्यांत पुढे होती. सहावीत पुढेच, सातवीतही पुढेच. तीन वर्षं ती रांग मी रोज पाहिली आणि मला त्यात काही दिसलं नाही. उलट वर्गात पेंगते, उत्तराला वेळ लावते म्हणून मी तिला चारचौघांत ‘सुस्त’ म्हटलं होतं. आता आठवलं की शरम वाटते.

विषय काढला तिच्या अम्मीने. "टीचर, धाकटीचे कपडे हिला होतात आता." घरी नजर उतरवून झाली होती, तावीज बांधून झाला होता, आणि सासूचं म्हणणं, खोट सुनेच्या खानदानात आहे. रक्त तपासलं तेव्हा निघालं थायरॉईड. गळ्यातली ही ग्रंथी कमी काम करू लागली की मुलाची वाढ मंदावते, सारखी झोप येते, थंडी जास्त वाजते. पोरगी सुस्त नव्हती, आजारी होती. इलाज काय, तर रोज रिकाम्या पोटी एक स्वस्त गोळी.

प्रत्येक ठेंगणं मूल आजारी नसतं. आईवडील बुटके तर मूल बुटकं, आणि काही मुलं उशिरा वाढतात. पाहायचा तो वाढीचा वेग. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. 4 पेक्षा कमी वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. ते मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. हाडांची वाढीची टोकं एकदा जुळून गेली की ग्रोथ हार्मोनच्या महागड्या इंजेक्शनांनीही उंची वाढत नाही. मग टीव्हीवरच्या पावडरींचं काय सांगायचं!

आपल्यात मुलीची उंची म्हणजे रिश्त्याची काळजी, म्हणून लपवालपवी. टर्नर सिंड्रोम तर फक्त मुलींनाच होतो, सुमारे 2000 ते 2500 मुलींत एकीला. त्यात दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं. तो योगायोग आहे, त्यात आईचा काही कसूर नाही. नात्यातल्या लग्नांनी काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे आपण मोकळेपणी बोललं पाहिजे. पण टर्नरचा त्याच्याशी संबंध नाही. दुआ जरूर करा, पण दवा करणं हीसुद्धा सुन्नत आहे.

आणि आम्ही शिक्षक? प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो. तो कसा भरला जातो हे आम्हा मंडळींना सांगायला नको. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांत येतं, पण मागच्या वर्षीचा आकडाच खोटा असेल तर पथकाने वेग मोजायचा कसा? यंदा मी भिंतीवर टेप चिकटवली आहे. जूनमध्ये एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा, चप्पल काढून, तारखेसह. चाळीस मुलांना एक तास लागतो.

रमजानमध्ये तिच्या अम्मीचा फोन आला होता, रोज्यात गोळीचं काय करायचं म्हणून. डॉक्टरांना विचारायला सांगितलं. ते म्हणाले, सहरीच्या अर्धा तास आधी घ्या. पोरगी आता रांगेत चौथी उभी राहते.